चुना एका रात्रीत धरत नाही
(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी फोनवर मला विषय दिला होता, 'लेखक कसं व्हावं'. मी त्यांना म्हटलं, ते मला माहीत नाही. एक कादंबरी कशी लिहिली, कुणी छापेना म्हणून ती स्वतः कशी छापली आणि त्यात कुठे कुठे फसले, एवढं सांगू शकते. ते म्हणाले, तेच सांगा. म्हणून आले.

मी नगरची. कागदावर आता अहिल्यानगर, पण एसटीच्या रांगेत लोक अजून नगरच म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते. अब्बा गवंडी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं बांधली आणि आमचं दोन खोल्यांचं शेवटी बांधलं. त्या घरात पुस्तकं म्हणजे माझी शाळेची, आणि कपाटावर जुजदानात ठेवलेलं कुरआन शरीफ. कादंबरी नावाची गोष्ट मी पहिल्यांदा बारावीत, वाचनालयात हातात घेतली. ऐतिहासिक कादंबऱ्यांचं मला वेड लागलं. एकच व्हायचं, आमच्यातलं कुणी पानावर आलं की ते मोठमोठ्याने हसायचं, दाढीवरून हात फिरवायचं आणि सिनेमातल्यासारखं हिंदी बोलायचं. मी ते पान पटकन उलटायचे. वाईट वाटायचं असं नाही, नुसतं कंटाळवाणं वाटायचं. माझ्या ओळखीत असं कुणीच बोलत नव्हतं.

कादंबरीची सुरुवात मात्र एका पोराच्या प्रश्नाने झाली. नगरजवळच्या डोंगरावर तीन मजली, अष्टकोनी दगडी इमारत आहे. सगळे तिला चांदबीबी महाल म्हणतात, शाळेच्या सहली तिथे जातात. मी पाचवीत गेले होते तेव्हा बाईंनी सांगितलं, इथे चांदबीबी राहायची. पुढे मी बाई झाले आणि तेच सांगू लागले. एका वर्षी सहावीतला एक मुलगा खालच्या तळघरात डोकावून आला आणि म्हणाला, "बाई, महाल आहे तर खाली कबर कशी?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शोधलं तर कळलं की ती इमारत सलाबतखानाची कबर आहे. मुर्तजा निजामशहाचा हा वजीर. चांदबीबीचा त्या इमारतीशी संबंध नाही. म्हणजे मी स्वतः शिकलेली आणि दहा वर्षं पोरांना शिकवलेली गोष्ट चूक होती. मग म्हटलं, निदान खरी चांदबीबी कोण होती ते तरी वाचू.

तुमच्यापैकी किती जणांना हा वेढा माहीत आहे, हात वर करा... ठीक आहे, थोडक्यात सांगते. हुसेन निजामशहाची ही मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली. नवरा गेल्यावर पुढे माहेरी परतली. इकडे निजामशाहीत गादीवरून भांडणं. दख्खनी एका बाजूला, हबशी दुसऱ्या बाजूला. त्यातल्या मियाँ मंजूने आपल्या विरोधकांना जिरवायला मोगलांनाच बोलावलं, आणि मग पस्तावला. अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन आला. डिसेंबर 1595 मध्ये वेढा पडला. मुरादसोबत कोण होतं माहितीये? खानखानान अब्दुर्रहीम. तेच, शाळेत हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे आपण पाठ केले ते रहीम! मला हे वाचून दोन दिवस काही सुचेना. दोहे पाठ करून घेणारी मी, आणि हा माणूस माझ्याच गावाच्या तटाबाहेर तोफा लावून बसला होता.

मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. त्यांच्याच छावणीतल्या एका माणसाने रात्री येऊन किल्ल्यात खबर दिली. आतल्या लोकांनी उलटं खणून दोन सुरुंग निकामी केले. तिसरा काढताना बाहेरून बत्ती दिली गेली. तट उडाला, भगदाड पडलं. चांदबीबी बुरखा घेऊन, हातात तलवार घेऊन त्या भगदाडापाशी उभी राहिली, म्हणून पळणारे परत फिरले. संध्याकाळपर्यंत लढाई झाली, आणि रात्रीत तिने ते भगदाड भरून घेतलं. सकाळी मोगल पाहतात तर भिंत परत उभी. पुढे तह झाला, वऱ्हाड मोगलांना गेलं, वेढा उठला. चार वर्षांनी, 1600 मध्ये, ती मोगलांना फितूर झाली अशी अफवा उठली आणि तिच्याच माणसांनी तिला मारलं. त्यानंतर लगेच किल्ला पडला.

हे सगळं मिळतं. फरिश्ता आहे, तो तर नगरमध्येच वाढला, नंतर विजापूरला गेला. सय्यद अली तबातबाईचा 'बुर्हान-ए-मासिर' आहे, तो या वेढ्यापर्यंतच येतो. दोन्हींचे इंग्रजी अनुवाद आहेत. 1884 चं अहमदनगरचं गॅझेटियर आहे, ते फुकट वाचायला मिळतं. फारसी येत नाही म्हणून थांबू नका. सेतुमाधवराव पगडींसारख्या माणसांनी फारसी साधनं मराठीत आणून ठेवली आहेत, ती आधी संपवा.

पण वाचताना एक वाक्य माझ्या घशात अडकलं. 'तिने रात्रीत भगदाड भरून घेतलं.' भरलं कुणी? बीबीने तर दगड उचलले नसणार. त्या रात्री गवंडी असतील, बेलदार असतील, पाणके असतील, बायका टोपल्या वाहत असतील. त्यांचं एकही नाव कुठे नाही. आणि मी गवंड्याची मुलगी. मला वाटलं, ही कादंबरी माझी आहे. नाव पण तेव्हाच सुचलं, 'भगदाड'.

पहिला खर्डा मी आठ महिन्यांत लिहिला. रोज पहाटे फजरनंतर दीड तास. झाला तेव्हा फार खूश होते. भगदाडाच्या रात्रीचं प्रकरण अब्बांना वाचून दाखवलं. ते मराठी वाचतात, पण पाटी वाचल्यासारखं, अक्षर अक्षर. म्हणून मीच वाचलं. माझी नायिका मशालीच्या उजेडात चुना कालवते, दगडावर दगड बसवते, पहाटे भिंत उभी. अब्बांनी सगळं ऐकलं, चहा संपवला आणि म्हणाले, "एक रात में चुना पकडता क्या बेटा? नक्को लिख ऐसा."

मी म्हटलं, अब्बा, ही कादंबरी आहे.

ते म्हणाले, कादंबरीतला चुना वेगळा असतो का?

मग त्यांनी मला समजावलं. चुना भाजून आणायचा, विझवायचा, मुरू द्यायचा. घाणीत बैल फिरवून वाळूबरोबर मळायचा. एवढं करूनसुद्धा तो बांधकामात हळूहळूच धरतो, थंडीत अजून हळू. आणि वेढा थंडीतला. ओल्या चुन्याची उंच भिंत एका रात्रीत उभी केली तर सकाळी स्वतःच्याच वजनाने फुगून बसेल. तोफेची गरजच नाही. "मग त्यांनी काय केलं असेल?" मी विचारलं. अब्बा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, पडलेल्या तटाचा राडारोडा तिथेच असणार, तोच वापरला असेल. मोठे दगड खाली, सुके. मध्ये लाकडं आडवी टाकायची, दारं, तुळया, जे मिळेल ते. फटीत माती ठोकायची. भिंत नाही ती, बांध. शत्रूला चढता येऊ नये एवढंच. नीट बांधकाम नंतर, सवडीने.

ते प्रकरण मी फाडलं. नवं लिहिलं तेव्हा त्यात लोकांच्या घरांची दारं आली. कुणाचं दार काढून न्यायचं, कुणाचं नाही यावरून भांडण आलं. एक म्हातारी आपल्या दाराला बिलगून बसली. हे काहीच माझ्या डोक्यात आधी नव्हतं. पहिल्या खर्ड्यात माझी सगळी माणसं शूर आणि सज्जन होती. खरं सांगायचं तर मी कादंबरी लिहीत नव्हते, वकिली करत होते. बघा, आम्ही पण इथलेच, आम्ही पण लढलो. अब्बांना तेही पटलं नव्हतं. "इतके चांगले मजूर मी एका साइटवर कधी पाहिले नाहीत," म्हणाले.

दोस्तांनो, हा मोह तुम्हाला पण होईल. आपल्याला लहानपणापासून उत्तरं द्यायची सवय लागलेली असते. वर्गात इतिहासाचा धडा आला की मागच्या बाकावरची मुलं वळून बघतात, ते तुम्ही अनुभवलं असेल. मीही अनुभवलंय. पण त्या नजरेला उत्तर म्हणून लिहिलेलं पात्र हलत नाही, पुतळ्यासारखं उभं राहतं. आणि हा वेढा तर कुठल्याच साच्यात बसत नाही. बाहेर मुसलमान बादशहाची फौज, आत मुसलमान सुलतानाची. आत हबशी, दख्खनी, इराणहून आलेले. निजामशाहीच्या चाकरीत सिंदखेडचे जाधव, वेरूळचे भोसले. निजामशाही घराण्याचा मूळ पुरुष मलिक हसन हा पाथरीकडच्या ब्राह्मण घरातून आलेला, असं फरिश्ता सांगतो. यात 'आपले' कोण, ते मला माझ्या नायिकेच्या नजरेने ठरवावं लागलं. तिचे आपले म्हणजे तिच्या टोपलीला हात लावणारे.

आता भाषा. ही माणसं बोलत कशी असतील? मी ठरवलं, घरात दखनी, बाजारात मराठी, दरबारात फारसीची फोडणी. हे मनाने नाही ठरवलं. दखनी तेव्हा लिहिली जात होती. नगरच्या दरबारातल्या हसन शौकीने 1565 च्या लढाईवर, विजयनगर ज्यात हरलं त्यावर, दखनीत काव्य रचलं. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाचं 'किताब-ए-नौरस' दखनीत आहे. आणि दखनीतलं 'नक्को' हे आपलं 'नको'च की! वाक्यात जोर द्यायला लावतो तो 'च' सुद्धा आपलाच. याच काळात श्रीगोंद्याला शेख महंमद मराठीत ओव्या रचत होते. घरी हसतात म्हणून जी भाषा तुम्ही कॉलेजात लपवता ना, ती कादंबरीत आणा. मी आणली आणि वाचकांची सगळ्यात जास्त पत्रं त्यावरच आली.

चुका तर किती निघाल्या! नायिकेच्या भाकरीवर मी लाल मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली होती. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, पेरू, मका, सगळं अमेरिकेतून आलेलं, पोर्तुगीजांच्या आगेमागे. मिरची गोव्यात पोचली होती, पण नगरच्या गवंड्याच्या शिदोरीत 1595 ला होती असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नव्हते. काढली. मिरी घातली, मग लक्षात आलं, गरिबाला मिरी कुठली? शेवटी कांदा आणि मीठ. एक म्हातारा गवंडी तंबाखू मळत होता. असद बेग नावाचा मोगल दरबारी माणूस विजापूरहून अकबराकडे तंबाखू घेऊन गेला, ती नवलाई म्हणून, आणि ते 1600 नंतर. म्हाताऱ्याचा तंबाखू सुटला. 'पाच मिनिटांनी' असं तर मी एकोणीस ठिकाणी लिहिलं होतं. तिथे घटका आल्या, 'असर झाल्यावर' आलं, 'दिवा लागायच्या वेळी' आलं. हे काम कंटाळवाणं नाही, उलट फार मजेचं आहे. एक वही करा, त्यात फक्त 'हे तेव्हा होतं का?' एवढंच लिहा.

आता छापण्याचं. चार प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवलं. दोघांचं उत्तर आलं नाही. तिसऱ्याने फोन केला, गोड बोलले. म्हणाले, लिहिलंय चांगलं, पण मुस्लिम वाचक मराठी पुस्तक विकत घेत नाही आणि मराठी वाचक चांदबीबी घेणार नाही, मग विकू कुणाला? मला राग आला, पण खरं सांगते, वाक्याच्या पहिल्या अर्ध्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. इथे बसलेल्यांनी या वर्षात किती मराठी पुस्तकं विकत घेतली, ते मनातल्या मनात मोजा. चौथे म्हणाले, छापतो, पण दोनशे प्रती तुम्ही आधी विकत घ्यायच्या. मी घरी येऊन हिशेब केला. पैसे माझेच जाणार, तर पुस्तकावर 'प्रकाशक' म्हणून त्यांचं नाव का?

तर प्रकाशक मीच झाले. कसं, ते पटापट सांगते. आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो, अर्ज ऑनलाइन, लेखक स्वतः करू शकतो, आणि तो फुकट आहे. कुणी त्याचे पैसे मागितले तर उठून या. 1954 च्या कायद्याप्रमाणे छापलेल्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी अशा ठिकाणी प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायच्या असतात. ते टाळू नका. तुमचं पुस्तक कुणीच घेतलं नाही तरी तिथे राहील.

डीटीपीत मात्र मी रडले. मी युनिकोडमध्ये टाइप केलं होतं, त्यांनी जुन्या फाँटमध्ये बदललं, आणि सगळे 'ऱ्या' मोडले. 'दुसऱ्या' चं 'दुसर्या', 'वाऱ्यावर' चं 'वार्यावर'. तीनदा प्रूफं वाचली. तिसऱ्यांदा माझ्या नवव्या इयत्तेतल्या भाचीला बसवलं, दर चुकीला एक रुपया. एकशे बारा रुपये झाले! पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यात छापतात, हेही मला माहीत नव्हतं. माझी पानं भरली 275. छापखान्यातले काका म्हणाले, ताई, तीन पानं कमी करा, सतरा फर्म्यांत बसेल, नाहीतर अठराव्या फर्म्याचा कागद वाया. मी तटाच्या वर्णनाची तीन पानं काढली. कुणालाही त्यांची उणीव भासली नाही. मला तर त्यानंतर वाटतं, प्रत्येक लेखकाला एक छापखान्यातले काका असावेत.

पाचशे प्रती. खर्च एकसष्ट हजार, माझी बचत आणि आपाने दिलेले पंधरा हजार. किंमत 250. दुकानदार चाळीस टक्के कापतात, पैसे सहा महिन्यांनी देतात. म्हणून बहुतेक मी स्वतः विकल्या, शिक्षकांच्या बैठकीत, ओळखीच्यांना पोस्टाने, एकदा तर वलीम्याच्या जेवणानंतर. पलंगाखाली गठ्ठे होते, अम्मी झाडू मारताना रोज एकदा विचारायची, किती राहिले? चौदा महिन्यांत जवळजवळ सगळ्या संपल्या. आपाचे पैसे दिले. फायदा म्हणाल तर एक चांगली खुर्ची आली.

पत्रं दोन्हीकडून आली. एकाने लिहिलं, तुम्ही अकबराच्या फौजेला वाईट दाखवलं, आपल्याच लोकांत फूट पाडता. दुसऱ्याने लिहिलं, तुम्हाला निजामशाहीचा एवढा पुळका का? दोघांनाही मी लिहिलं, बाबांनो, माझी नायिका टोपली वाहते. कुणाची गादी राहावी हे तिला कुणी विचारलेलंच नाही. पण एक पत्र मी जपून ठेवलंय, पाथर्डीकडच्या एका बेलदार मुलीचं. तिने फक्त एवढंच विचारलं होतं, की त्या रात्री दार गेलेल्या म्हातारीला तिचं दार परत मिळालं का. कादंबरीत ते नाही. मी लिहायला विसरले होते.

आता दुसरी आवृत्ती करतेय. त्या म्हातारीचं अर्ध पान वाढणार आहे, म्हणजे काकांशी परत भांडण. अब्बांनी पण एक चूक काढली आहे. त्यांच्या ओळखीतल्या एका गवंड्याच्या मुलाने त्यांना पुस्तक पूर्ण वाचून दाखवलं, सव्वा महिना लागला. परवा मला म्हणाले, तुझी ती पोरगी ओळंबा डाव्या हातात धरते आणि त्याच हाताने थापीही चालवते, हे कसं? मी तपासलं. पान 143. खरंच तसं आहे.

मागच्या टेबलावर पहिल्या आवृत्तीच्या उरलेल्या नऊ प्रती आहेत. त्यात ती चूक आहे, म्हणून दोनशेला देते. आता तुम्ही विचारा.